जुन्या पॅनलमधला अधूनमधून येणारा फॉल्ट: पुरावा न पुसता तो कसा पकडायचा

लक्षण नेहमीचंच असतं. मशीन आठवड्यातून दोन-तीनदा मध्येच थांबतं. ऑपरेटर रिसेट दाबतो आणि ते पुन्हा चालू होतं. मेंटेनन्सचा माणूस येऊन पॅनल उघडतो, मीटर लावतो, तेव्हा सगळे व्होल्टेज बरोबर असतात. मग एखादं कार्ड काढून परत बसवलं जातं, चार स्क्रू आवळले जातात आणि फॉल्ट पंधरा दिवस गायब होतो. सोळाव्या दिवशी तो पुन्हा येतो आणि या वेळी कार्डच बदललं जातं.

पंधरा-वीस वर्षं चाललेल्या पीएलसी (प्रोग्रॅमनुसार मशीन चालवणारा औद्योगिक कंट्रोलर) पॅनलमध्ये असे फॉल्ट बहुतेक वेळा सप्लायमधून, जोडांमधून किंवा हलणाऱ्या केबलमधून येतात. सीपीयू किंवा इनपुट कार्डातली चिप हे कारण यादीत बरंच खाली असतं. तरीही आधी कार्ड बदललं जातं, कारण ते सोपं आहे. कार्ड काढून परत बसवताना कनेक्टरच्या पिना एकमेकींवर घासल्या जातात, वरचा ऑक्साइडचा थर फाटतो आणि जोड काही दिवस चांगला चालतो. फॉल्ट दबतो आणि तो नेमका कुठे होता याचा पुरावाही जातो. म्हणून या कामाचा पहिला नियम असा, की फॉल्टची नोंद होईपर्यंत पॅनलमधलं काहीही काढायचं नाही, आवळायचं नाही, साफ करायचं नाही. अर्थात धूर, जळका वास किंवा गरम झालेला टर्मिनल दिसला, तर मशीन लगेच थांबवून सप्लाय तोडायचा.

सप्लाय बंद करण्यापूर्वी

जुन्या पॅनलचा मेन स्विच बंद करणं हीसुद्धा जोखीम आहे. पुढे तपासणीसाठी तो बंद करावाच लागेल, त्यामुळे तीन गोष्टींची आधी तयारी ठेवा.

पहिली, पीएलसीचा प्रोग्रॅम सीपीयूमधून लॅपटॉपवर अपलोड करून घ्या आणि कपाटातल्या कॉपीशी ताडून पाहा. दोन्हींत फरक निघाला तर सीपीयूमधला खरा धरा.

दुसरी, बॅकअप बॅटरी. प्रोग्रॅम रॅममध्ये ठेवणाऱ्या सीपीयूंमध्ये बॅटरी संपलेली असेल, तर सप्लाय गेल्यावर प्रोग्रॅमही जातो. ३.६ व्होल्टची लिथियम बॅटरी मीटरवर शेवटपर्यंत जवळपास पूर्ण व्होल्टेज दाखवते आणि मग एकदम कोसळते, त्यामुळे मीटरवर विसंबू नका. बॅटरीवर लिहिलेली तारीख पाहा. अशा सीपीयूची बॅटरी पीएलसीचा सप्लाय चालू असतानाच बदलायची असते, पण आधी त्या मॉडेलचं मॅन्युअल बघा.

तिसरी, एसएमपीएसचा, म्हणजे पॅनलला २४ व्होल्ट डीसी देणाऱ्या पॉवर सप्लायचा, स्पेअर हाताशी हवा. वर्षानुवर्षं अखंड चाललेला एसएमपीएस एकदा बंद केला की पुन्हा सुरूच होत नाही, असं बऱ्याचदा घडतं. त्यातला स्टार्टअप सर्किटचा छोटा कपॅसिटर सुकलेला असतो. चालू स्थितीत त्याची गरज पडत नाही म्हणून हा दोष तोवर लपून राहतो.

नोंद कशी करायची

फॉल्ट आल्यावर रिसेट दाबण्यापूर्वी ऑपरेटरने पॅनलचा दरवाजा बंद ठेवून काचेतून कार्डांच्या एलईडींचा फोटो काढायचा. काच नसेल, तर दरवाजा उघडण्याची परवानगी असलेल्या माणसाने काढायचा. त्याबरोबर वेळ, पॅनलमधलं तापमान, मशीन कुठल्या स्टेपवर होतं आणि त्या क्षणी शेजारी काय चालू किंवा बंद झालं, हे लिहायचं. ही शेवटची नोंद बहुतेक जण विसरतात, आणि तीच सर्वांत उपयोगी ठरते. शेजारचा मोठा कॉन्टॅक्टर (मोटरसारखे मोठे लोड चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) सुटतानाच दर वेळी फॉल्ट येत असेल, तर अर्धं काम तिथेच झालं.

सीपीयूचा डायग्नोस्टिक बफर (घटनांची अंतर्गत नोंदयादी) त्याच वेळी वाचून सेव्ह करा. तो ठरावीक नोंदींचाच असतो, नव्या नोंदी आल्या की जुन्या पुसल्या जातात आणि काही सीपीयूंमध्ये सप्लाय गेला की बराचसा भाग नाहीसा होतो. पीएलसी, स्काडा (मशीनचा डेटा आणि अलार्म दाखवणारी संगणक प्रणाली) आणि ड्राइव्ह (मोटरचा वेग नियंत्रित करणारं उपकरण) यांची घड्याळं एकमेकांशी जुळवून ठेवा. स्काडा दर सेकंदाला एकदा डेटा वाचत असेल, तर त्याच्या अलार्म यादीतल्या आधी-नंतरच्या क्रमावर भरवसा ठेवू नका. एकाच सेकंदात आलेल्या पाच अलार्मांपैकी मूळ अलार्म कुठला, हे ती यादी सांगू शकत नाही.

ते काम प्रोग्रॅममध्ये सापळा लावून होतं. मशीनच्या रन बिटची (मशीन चालू असताना १ असणारा बिट) प्रोग्रॅममधली ओळ संपताच त्याच स्कॅनमध्ये (प्रोग्रॅमच्या एका फेरीत), रन बिट १ वरून ० झाल्याचा क्षण (एज) पकडा आणि सगळे इनपुट वर्ड एका वेगळ्या मेमरी भागात कॉपी करा. सोबत वेळ आणि स्टेप नंबरही साठवा. अशा निदान दहा नोंदी फिरत्या क्रमाने ठेवा. रन बिट ज्या इनपुटमुळे पडला तो पुढच्या स्कॅनला परत आला, तरी कॉपीमध्ये तो शून्यच दिसेल. प्रोग्रॅम बदलण्याची परवानगी आणि बदलाची नोंद मात्र रीतसर घ्या.

कधीकधी या सापळ्यात काहीच सापडत नाही. मशीन थांबलं, पण सगळे इनपुट जागेवर आहेत. असं झालं तर हा पुरावा वाया गेला असं समजू नका. बऱ्याच जुन्या डीसी इनपुट कार्डांचा फिल्टर ३ मिलिसेकंदांच्या आसपास असतो आणि त्यात स्कॅन टाइम मिळवावा लागतो. सिग्नल २ मिलिसेकंद तुटला, तर तो तुटवडा पीएलसीला दिसतच नाही, पण तोच तुटवडा एखादा सेफ्टी रिले किंवा ड्राइव्हचा एनेबल इनपुट पकडू शकतो. म्हणजे दोष हार्डवायर (पीएलसीमधून न जाता थेट वायरींनी जोडलेल्या) साखळीत आहे: इमर्जन्सी स्टॉप, गार्ड स्विच, दोरीचा स्विच, ओव्हरलोडचे सहायक कॉन्टॅक्ट. शोध तिकडे वळवा.

साक्षीदार रिले

चालू असलेल्या फॉल्टमध्ये सर्किट अर्धं-अर्धं तोडत जाता येतं. इथे ते जमत नाही, कारण तुम्ही मीटर लावता तेव्हा फॉल्ट नसतो. म्हणून मागे खूण सोडणारं काहीतरी सर्किटमध्ये बसवावं लागतं आणि त्यासाठी साध्या २४ व्होल्टच्या रिलेइतकं भरवशाचं साधन नाही.

जोडणी अशी: ज्या बिंदूवर लक्ष ठेवायचं तिथून एक वायर घ्या. ती पुश बटणाच्या एनओ (एरवी उघडा, दाबल्यावर जुळणारा) कॉन्टॅक्टमधून रिलेच्या कॉइलला द्या आणि कॉइलचं दुसरं टोक ० व्होल्टला जोडा. बटणाला समांतर त्याच रिलेचा एनओ कॉन्टॅक्ट लावा. बटण एकदा दाबलं की रिले धरून राहतो. त्या बिंदूवरचा व्होल्टेज क्षणभर जरी गेला, तरी रिले सुटतो आणि व्होल्टेज परत आला तरी सुटलेलाच राहतो.

लांब साखळीत असे तीन रिले लावा: फ्यूजनंतर लगेच, मध्यावर आणि शेवटी. फॉल्टनंतर पहिला धरलेला आणि दुसरा-तिसरा सुटलेला दिसला, तर दोष पहिल्या आणि दुसऱ्या बिंदूच्या मध्ये आहे. पुढच्या वेळी रिले त्या भागात सरकवा. तिन्ही कॉइलचं ० व्होल्ट एसएमपीएसच्या मायनस टर्मिनलवरून थेट घ्या. फील्डमधल्या जवळच्या कॉमनवरून (अनेक सिग्नलांच्या सामाईक ० व्होल्टच्या वायरवरून) घेतलं आणि तो कॉमनच लूज असला, तर निष्कर्ष चुकतो.

दोन सूचना. रिलेच्या कॉइलवर डायोड असेल तर तो सुटायला जास्त वेळ घेतो आणि लहान तुटवडा निसटतो. त्याऐवजी व्हॅरिस्टर (व्होल्टेजची उसळी शोषणारा भाग) असलेला रिले वापरा. आणि सेफ्टी सर्किटमध्ये असा रिले समांतर जोडू नका. तिथे त्या स्विचचा मोकळा सहायक कॉन्टॅक्ट असेल तर तो घ्या. शोध सोपा व्हावा म्हणून गार्ड स्विच किंवा इमर्जन्सी स्टॉप जंपर करून मशीन चालवणं, हे कुठल्याही परिस्थितीत करायचं नाही.

मल्टिमीटरचा साधा मिन-मॅक्स मोड सुमारे १०० मिलिसेकंदांपेक्षा लहान घटना सोडून देतो. पीक मोड असलेला मीटर किंवा सिंगल ट्रिगरवर लावलेला ऑसिलोस्कोप वापरा. ट्रिगर २४ व्होल्टच्या लाइनवर १९ व्होल्टच्या खाली जाणाऱ्या एजवर ठेवा.

२४ व्होल्टचा सप्लाय

पीएलसीच्या मानकाप्रमाणे २४ व्होल्ट डीसी सप्लाय २०.४ ते २८.८ व्होल्टच्या मध्ये असायला हवा. मोजमाप एसएमपीएसच्या टर्मिनलवर न करता सर्वांत लांबच्या कार्डाच्या किंवा व्हॉल्व्ह आयलंडच्या (एकत्र बसवलेल्या व्हॉल्व्हांच्या गटाच्या) टर्मिनलवर करा, तेही सगळे व्हॉल्व्ह एकत्र चालू होत असताना. १ चौरस मिलिमीटरच्या बारीक तारांच्या तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ०.०१९५ ओहम असतो. ६० मीटर जाणं आणि ६० मीटर येणं धरलं तर २.३ ओहम होतात, म्हणजे १ अँपिअरला २.३ व्होल्टचा ड्रॉप. मशीन नवीन असताना हे चाललं असेल. नंतर त्याच लाइनवर कुणीतरी दोन सेन्सर आणि चार व्हॉल्व्ह वाढवले की मार्जिन संपतं.

यानंतर रिपल, म्हणजे डीसी व्होल्टेजवर उरलेला चढ-उतार. एसएमपीएसमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने सुकतात, त्यांचा अंतर्गत रेझिस्टन्स वाढतो आणि लोड बदलताना व्होल्टेज डगमगतो. दर १० अंश सेल्सिअस वाढीला त्यांचं आयुष्य अर्धं होतं, हा ढोबळ नियम इथे चांगला लागू पडतो. १०५ अंशांना ५००० तासांचा कपॅसिटर ६५ अंशांवर सुमारे ८०,००० तास, म्हणजे नऊ वर्षं चालतो. ७५ अंशांवर तोच साडेचार वर्षांत थकतो. पंख्याची जाळी भरल्यामुळे पॅनल दहा अंशांनी तापलं, तर त्याची किंमत ही असते.

रिपल स्कोपवर एसी कपलिंग आणि २० मेगाहर्ट्झ बँडविड्थ लिमिट लावून मोजा. प्रोबची लांब अर्थ वायर काढून टाकून छोटी स्प्रिंग वापरा, नाहीतर हवेतला नॉइजच मोजला जाईल. चांगल्या एसएमपीएसवर शिखर ते शिखर शंभर-दोनशे मिलिव्होल्टपर्यंत दिसतं. अर्धा व्होल्ट ओलांडला, तर आणखी तपासत न बसता एसएमपीएस बदला. वय दहा वर्षांच्या पुढे आणि पॅनल गरम, असं असेल तर मी मोजमापाचीही वाट पाहणार नाही.

आता ० व्होल्टची बाजू, जिच्याकडे कुणी बघत नाही. एकाच कार्डावरचे, एकमेकांशी संबंध नसलेले चार इनपुट एकदम हलले किंवा बंद असलेला आउटपुटचा दिवा मंद पेटला, तर त्या गटाचा कॉमन लूज आहे असं समजा. कॉमन सुटला की करंट दुसऱ्या लोडमधून उलटा वाट शोधतो आणि लक्षणं भलत्याच ठिकाणी दिसतात. मशीन चालू असताना मीटरची एक प्रोब एसएमपीएसच्या मायनसवर आणि दुसरी कार्डाच्या कॉमन टर्मिनलवर ठेवा. काही दहा मिलिव्होल्ट ठीक आहेत. ०.३ व्होल्टच्या वर गेलं, तर मधला एकेक जोड तपासा.

जोड, टर्मिनल आणि रिलेचे कॉन्टॅक्ट

कंटिन्युटीचा बझर इथे फसवतो. तो अगदी कमी करंटवर चालतो आणि वीस तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी वाजतो. खरी चाचणी म्हणजे करंट वाहत असताना जोडावरचा व्होल्टेज ड्रॉप. जुळलेल्या कॉन्टॅक्टमधून १ अँपिअर जात असेल, तर त्यावर १०० मिलिव्होल्टपेक्षा कमी ड्रॉप हवा. टर्मिनलवर त्याहून बराच कमी.

टर्मिनलमध्ये नेहमी सापडणारे दोष तीन. सोल्डर लावलेलं टोक स्क्रूखाली दाबलेलं असतं. सोल्डर मऊ असल्याने दाबाखाली हळूहळू सरकतो आणि पकड सैल होते. ते टोक कापून फेरूल (वायरच्या टोकावर दाबून बसवायची धातूची नळी) लावा. दुसरा, फेरूलमध्ये किंवा क्लॅम्पखाली इन्सुलेशन दाबलं गेलेलं असतं. तिसरा, एकाच टर्मिनलमध्ये वेगवेगळ्या जाडीच्या दोन वायर घातलेल्या असतात. जाड वायर पकडली जाते, बारीक नुसती टेकलेली राहते. प्रत्येक वायर हाताने हलकी ओढून पाहा. एम३ स्क्रूच्या टर्मिनलला साधारण ०.५ ते ०.६ न्यूटन मीटर टॉर्क लागतो. जोरात आवळल्याने जोड चांगला होतो हा गैरसमज आहे, त्याने स्क्रूचे आटे जातात किंवा क्लॅम्प वाकतो. आणि पुन्हा सांगतो, हे आवळणं नोंदीनंतर करायचं, एका वेळी एकच पट्टी, कुठली पट्टी कधी आवळली ते लिहून.

जुन्या पॅनलमध्ये आणखी एक दोष वारंवार दिसतो. साध्या चांदीच्या कॉन्टॅक्टचा रिले किंवा लिमिट स्विच थेट पीएलसीच्या इनपुटला जोडलेला असतो. इनपुट ओढतं ५-७ मिलिअँपिअर. एवढ्या करंटने कॉन्टॅक्टवरचा सल्फाइडचा थर जळत नाही, तो साचत जातो आणि कॉन्टॅक्ट कधी लागतो, कधी नाही. बघायला कॉन्टॅक्ट चांगला असतो, मोठ्या लोडवर तपासला तर पासही होतो. इथे सोन्याचा मुलामा असलेला किंवा दुहेरी टोकाचा कॉन्टॅक्ट हवा. पूर्वी मोठ्या लोडवर वापरलेला रिले या कामाला घेऊ नका, मुलामा आधीच जळून गेलेला असतो.

उलट प्रकारही असतो: इनपुट बंदच होत नाही. दोन वायरच्या प्रॉक्सिमिटी सेन्सरमधून बंद स्थितीतही थोडा लीकेज करंट वाहतो. सेन्सर जुना झाला किंवा ओलसर झाला की तो वाढतो. इनपुटच्या बंद स्थितीत ५ व्होल्टच्या वर काही दिसलं, तर तीन वायरचा सेन्सर लावा.

कार्डाच्या कनेक्टरच्या पिना साफ करायच्या असतील, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड वापरा. खोडरबर किंवा पॉलिश पेपर नको. सोन्याचा थर एखाद्या मायक्रॉनचा किंवा त्याहून पातळ असतो, एकदा घासला की खालचा धातू उघडा पडतो आणि दोष कायमचा होतो.

कॉन्टॅक्टर सुटताना सीपीयू फॉल्टला जात असेल, तर कॉइलवरचे सप्रेसर (उसळी दाबणारे भाग) तपासा. डीसी कॉइलवरचा डायोड आतून तुटला की कॉइल सुटताना काहीशे व्होल्टची उसळी येते. डायोड तपासण्यासाठी त्याचं एक टोक सोडवा, नाहीतर मीटर समांतर असलेल्या कॉइललाच मोजेल. ब्रेक किंवा क्लचच्या कॉइलवर मात्र मूळ ड्रॉइंगमध्ये नसलेला डायोड बसवू नका, त्याने ब्रेक लागायला उशीर होतो. ड्राइव्हची मोटर केबल सिग्नल केबलपासून २०-३० सेंटिमीटर दूर न्या. ओलांडावीच लागली तर काटकोनात.

हलणारी केबल

ड्रॅग चेनमधल्या (हलत्या भागाबरोबर केबल वाहून नेणाऱ्या साखळीतल्या) केबलचा कोअर इन्सुलेशनच्या आत तुटतो. केबल सरळ असताना टोकं टेकतात, वाकली की सुटतात. मशीन थांबवून तपासलं तर सगळं बरोबर दिसतं. फॉल्ट नेहमी अक्षाच्या ठरावीक जागेवर येत असेल, तर दुसरं काही बघण्याआधी ही केबल बघा. संशयित कोअरमधून २४ व्होल्टवर एक छोटा रिले चालवा आणि अक्ष हळू वेगाने पूर्ण फिरवा. रिले सुटला ती जागा खुणेने दाखवा. स्पेअर कोअरवर सिग्नल हलवून काम चालू होतं, पण त्याच वाकावर तितक्याच वेळा वाकलेले बाकीचे कोअरही थकलेले असतात. केबल मागवा. नवी केबल चेनसाठी बनवलेलीच हवी.

मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावायचा असेल तर केबल दोन्ही टोकांना सोडवा. कार्ड जोडलेलं असताना ५०० व्होल्ट दिले, तर कार्ड जातं.

कम्युनिकेशन आणि अ‍ॅनालॉग

आरएस-४८५ लाइन (उपकरणांमध्ये डेटा नेणारी दोन वायरींची लाइन) सप्लाय बंद करून दोन डेटा वायरींमध्ये मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहम असतील तर सुमारे ६० ओहम दिसतील. १२० दिसले तर एक टर्मिनेटर (लाइनच्या टोकाचा रेझिस्टर) गायब आहे, ४० दिसले तर कुणीतरी मध्येच तिसरा चालू केलाय. प्रोफिबस या औद्योगिक नेटवर्कचे आकडे वेगळे आहेत: एका टोकाला २२० ओहम, म्हणून दोन्ही मिळून सुमारे ११०. प्रोफिबसचं टर्मिनेशन त्या टोकाच्या उपकरणाच्या सप्लायवर चालतं. शेवटचं उपकरण बंद केलं की सगळी लाइन डळमळते आणि दोष मधल्या निर्दोष स्टेशनवर दिसतो. १२ मेगाबिटला सेगमेंट १०० मीटर, १.५ मेगाबिटला २०० मीटर. जुन्या लाइनवर वेग कमी करून फॉल्ट गेला, तर केबल किंवा कनेक्टर खराब आहे, हे निदान झालं.

४-२० मिलिअँपिअरच्या अ‍ॅनालॉग सिग्नलने क्षणभर ३.६ च्या खाली उडी मारली, तर त्याचं सर्किट मध्येच तुटतंय. हळूहळू सरकत असेल, तर शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केलंय का ते पाहा.

फॉल्ट मुद्दाम आणणं

नोंदींवरून जागा आकसली की मगच. एका वेळी एकच गोष्ट बदला. दरवाजा उघडा असताना फॉल्ट येत नसेल, तर दरवाजा बंद करून आत तापमान लॉगर ठेवा. हॉट एअर गन सर्वांत कमी सेटिंगवर, आडव्या रेलवरच्या कार्डाभोवती ६० अंशांपर्यंतच. बहुतेक कार्डांची मर्यादा तीच असते, उभ्या रेलवर ती आणखी कमी असते. थंड स्प्रे एकेका भागावर, दव सुकल्यावर पुढचा. स्क्रू ड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने रिले, टर्मिनल, कार्ड यांवर हलके टकटक करा, साक्षीदार रिलेवर नजर ठेवून. या चाचण्या मशीनची हालचाल यांत्रिकरीत्या अडवून किंवा आउटपुटचा सप्लाय तोडूनच करायच्या.

फॉल्ट गेला हे कधी मानायचं

तीन दिवसांतून सरासरी एकदा येणारा फॉल्ट काहीही दुरुस्ती न करताही तीन दिवस न येण्याची शक्यता ३७ टक्के असते. नऊ दिवस न येण्याची शक्यता ५ टक्के. म्हणून सरासरी अंतराच्या निदान तिप्पट काळ मशीन नेहमीच्या लोडवर, नेहमीच्या तापमानात चालू द्या आणि तोवर सापळा व साक्षीदार रिले काढू नका. काढलेल्या भागावर तारीख, मशीन आणि लक्षण लिहिलेलं लाल लेबल लावा, तो बेंचवर उष्णतेत आणि लोडवर चालवून तोच दोष दाखवतो का ते बघा, आणि निकाल लागेपर्यंत तो स्पेअरच्या कपाटात परत जाऊ देऊ नका.